हजेरी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी अक्षरं रंगवते.
होडीचाच काळा रंग, उरलेला,
आणि काडीएवढा ब्रश.
एकोणीस नावं. पाठ आहेत, पण डोक्याला नाहीत,
मनगटाला.
अझराया टकपाशी ब्रश दोनदा अडतो,
दगडाला तिथे चीर आहे.
थिओफिलस स्किनर सरळ जातो.
आणि तळापासून चौथा एलियाकिम ब्लॅगडन,
जो मेलाच नव्हता.

तार आली होती सतराच्या वसंतात:
बेपत्ता, मृत समजावे.
पाद्र्याला घाई. दगड बोटीने आला,
गवंड्याने नावं कोरली, पैसे मोजून घेतले.
मग युद्ध संपलं, आणि एका फेब्रुवारीत
गोठलेल्या खाडीवरून चालत,
बगलेत पाव दाबून,
एलियाकिम घरी आला.
आईने आधी दार लावून घेतलं म्हणे.

काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणतात.
आमच्या गावात तीच खोटी निघाली.

नाव खोडायलाही गवंडी तेवढेच पैसे मागत होता.
एलियाकिम म्हणाला, राहू द्या.
खोडाल तर खड्डा पडेल,
खड्ड्यात पाणी साचेल, हिवाळ्यात गोठेल,
दगड फुटेल.
मग बाकीच्यांचं काय?

दर एक जुलैला तो पहिल्या रांगेत उभा राहायचा.
नाव पुकारलं की म्हणायचा, "हजर."
पोरं हसायची. तो नाही.
एकसष्ट साली तो खरोखर गेला.
तेव्हापासून त्याच्या नावानंतर आम्ही थांबतो,
एका श्वासाइतकं.
असं कुणी ठरवलं नव्हतं.

यंदा धुकं. फेरी आली नाही,
म्हणून बिगुलवाला नाही,
मंत्रीसाहेब नाहीत, त्यांचं पुष्पचक्रही नाही.
एफी कीपिंगने अंगणातली फर्गेट-मी-नॉट
जॅमच्या बरणीत आणली.
गार्लंडकाका, कोरियाला गेलेले,
चाकाच्या खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट,
पदकं ब्लँकेटलाच टाचलेली,
कारण कोट आता अंगाला बसत नाही.

आणि मागे, कुंपणाशी, टॅमी पियर्सी.
रबरी बूट, कोपरापर्यंत मासळीचा वास.
कंदहारहून परतून पंधरा वर्षं झाली,
एकदाही इथे आली नव्हती.
तिचं नाव कुठल्याच दगडावर नाही.
परतलेल्यांना दगड मिळत नाही,
फॉर्म मिळतात, तीन प्रतींत भरायचे.

नावं वाचायचं काम माझंच.
"एलियाकिम ब्लॅगडन."
थांबले.
धक्क्यावर कुठेतरी ओला दोर कुरकुरला.
मग मागून, आवाज न चढवता,
दुकानात मीठ मागावं तसं,
"हजर."

कुणी वळून पाहिलं नाही.
एवढी रीत आहे आमच्यात.
गार्लंडकाकांचा हात तेवढा ब्लँकेटखालून निघाला
आणि कपाळाकडे जाता जाता
टोपीच्या कडेला अडकून बसला.
एफीने तो सोडवला.
मी पुढचं नाव वाचलं.

आमच्याकडे सकाळ गेलेल्यांची,
दुपार देशाच्या वाढदिवसाची.
बाराला अर्ध्यावरचा झेंडा वर चढला,
शाळेच्या हॉलमध्ये केक कापला,
पोरांच्या जिभा लालभडक.
टॅमी बशी घेऊन माझ्यापाशी आली,
केकला हात न लावता.
म्हणाली, "तळातलं चौथं नाव ओघळलंय."
"धुक्यात रंग धरत नाही," म्हटलं.
"उरलाय का थोडा?"
"डब्याच्या तळाला."
"धुकं हटलं की येते."

आठवडा झाला, धुकं हटलेलं नाही.
डबा दाराबाहेर ठेवलाय,
झाकण घट्ट लावून,
वर ब्रश.